घरचं पाणी

१६ मार्च २०२५, रविवार

पाच वाजता उठले. पाणी उकळून निवायला ठेवलं. देवळात जाऊन आले. वांग्याची भाजी, दोन भाकऱ्या. कपडे धुतले. अकरा वाजता ह्यांच्या ट्रेकिंग ग्रुपचा विजयसिंह आला.

बसा म्हटलं नव्हतं, तरी बसला. पिशवीतून एक टी-शर्ट काढून टीपॉयवर पसरला. काळा. छातीवर ह्यांचा फोटो, खाली ‘अनेकांतदादा, तुम्ही आमच्यात आहात’. पाठीवर विजयसिंहच्या टायरच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर.

“वहिनी, सहा एप्रिलला वर्ष होतंय. तव्याच्या धारेवर ग्रुप जाणार हाय. दादाच्या नावानं.”

“सातला होतंय.”

“व्हय, सातलाच. पण सहाला रविवार हाय की.”

मेलेल्या माणसाची तारीखसुद्धा यांच्या सुट्टीच्या सोयीने पाळायची.

“तुम्ही याच असं न्हाय म्हणत मी. ऊन लई असतंय. फक्त कानावर घालावं म्हटलं.” मग जरा वेळाने, “स्कूटरचं मागलं टायर गुळगुळीत झालंय. येताना बघितलं. नेऊ का?”

“नको.”

नेलीच. खुंटीवरची किल्ली घेऊन गेला आणि तासाभराने नवं टायर घालून स्कूटर जागेवर लावून गेला. दर महिन्याला याचं असं काहीतरी असतंच. कधी गॅसची शेगडी दुरुस्त करून देतो, कधी गच्चीवरची टाकी धुवायला माणूस पाठवतो. अपराधी माणसाला उंबरा सुटत नाही.

लिहून ठेवते, कारण लोक आता ही गोष्ट गोड करून सांगायला लागलेत. गेल्या वर्षी ७ एप्रिलला बारा माणसं माण भागातल्या त्या धारेवर, म्हणजे डोंगराच्या अरुंद कण्यावर, गेली. धार उघडी, वर झाड नाही, सावली नाही, पाण्याचं टाकं नाही. परत येताना दुपारी हे एका दगडावर बसले ते उठले नाहीत. उष्माघात. वय चोपन्न. विजयसिंह आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “पाणी संपलं वहिनी. सगळ्यांचंच संपलं. मीच कमी घेतलं. चूक माझी हाय.” एवढंच. चूक कबूल केली की माणूस मोकळा होतो, असं त्याला वाटलं असावं.

एप्रिलात तव्यावर जायचं आणि पाणी कमी न्यायचं. शेळ्या राखणाऱ्याला यापेक्षा जास्त अक्कल असते.

डोंगराचा नाद ह्यांना पन्नाशीत लागला. हायस्कुलात भूगोल शिकवायचे, एवढं निमित्त पुरलं. वर चढायचं, वर काही नसतं, मग खाली उतरायचं. उतरल्यावर बाकीच्यांनी मटणावर ताव मारायचा आणि ह्यांनी कोपऱ्यात बसून माझा डबा उघडायचा. तरी म्हणायचे, “दीपा, वर गेलं की डोकं हलकं होतं.” मुळात हलकं असल्याशिवाय कोणी वर जात नाही.

टी-शर्ट कपाटाच्या खालच्या खणात टाकला.

१९ मार्च, बुधवार

चंदगडचे नमुने एसटीने आले. दोन बाटल्यांची टोपणं सैल होती. परत पाठवले. नेसरीच्या दोन विहिरी पिण्यास अयोग्य.

सव्वीस वर्षं मी गावोगावचं पाणी तपासते. प्रत्येक गावचा माणूस सांगतो, “मॅडम, आमचं पाणी काचेसारखं हाय.” काचेसारखं पाणी पिऊन लोकांना कावीळ होते. त्यामुळे आमच्या घरात पाणी गाळून, उकळूनच. आमचा जैन धर्म तेच सांगतो आणि प्रयोगशाळाही तेच सांगते. बाहेर जाताना मी माझं पाणी घेऊन जाते. लग्नात, बारशात, कुठेही. लोक हसतात. हसोत.

ह्यांनी २०२३च्या दशलक्षण पर्वात हाच नियम घेतला. घराबाहेर घरचंच उकळलेलं पाणी, दुसरं नाही, एक वर्ष. त्याआधी त्यांनी रंकाळ्यावर ग्रुपबरोबर दिवेलागणीनंतर, खाणं वर्ज्य असताना, भेळ खाल्ली होती आणि मला सांगितलं होतं की शाळेत मीटिंग होती. शर्टावर चिंचेच्या पाण्याचा डाग होता. मी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी म्हणाले, “दीपा, ह्या वेळी शब्द देतो.” आणि पाळला. त्या सात महिन्यांत एकदाही मोडला नाही. तीस वर्षांच्या संसारात एवढी एक गोष्ट तरी त्यांनी माझी मनापासून ऐकली, याचं मला समाधान आहे.

२३ मार्च, रविवार

माळा साफ केला. ह्यांची सॅक खाली काढली. विजयसिंहने गेल्या वर्षी आणून दिली तशी न उघडता वर टाकली होती. कुणाला तरी देऊन टाकावी म्हणून आज उघडली.

टोपी, घामाच्या मिठाचे पांढरे पट्टे उमटलेली. हाताने काढलेला धारेचा नकाशा. सुईदोरा. राजगिऱ्याचा लाडू, मुंग्यांनी आतून पोखरलेला. पाणी गाळायचं फडकं, मी शिवलेलं. दोन स्टीलच्या बाटल्या, दोन्ही कोरड्या.

तळाशी प्लॅस्टिकची एक लिटरची बाटली. विकतच्या पाण्याची. भरलेली. सील जसंच्या तसं.

मी ती उलटसुलट करून पाहिली. टोपणावर पॅकिंगची तारीख होती, २८ मार्च २०२४. सहा महिन्यांच्या आत वापरावे. म्हणजे त्याच ट्रेकसाठी घेतलेली. ग्रुपचं सामान सगळे वाटून उचलतात, तशी ह्यांच्या वाट्याला आली असणार. आणि ह्यांना उन्हात भान राहिलं नसणार.

पण बाकी अकरा जणांना? माणूस पाण्यावाचून पडलाय, पाणी त्याच्याच पाठीवर आहे, आणि अकरा जणांपैकी एकालाही त्याची सॅक उघडून बघावी असं सुचलं नाही. एक लिटर. तेवढ्याने माणूस खालपर्यंत आला असता.

‘सगळ्यांचंच संपलं’ म्हणे.

मी धारेवर जाणार आहे. त्यांच्या त्या काळ्या टी-शर्टांसमोर, त्याच दगडावर ही बाटली ठेवणार आहे. मग ‘चूक माझी हाय’ हे परत एकदा म्हणून दाखवावं त्याने.

२४ मार्च, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत विजयसिंहला फोन केला. येणार आहे म्हणून सांगितलं. बराच वेळ पलीकडून फक्त टायर ठोकल्याचा आवाज येत होता.

“नका येऊ, वहिनी.”

“का?”

“चढ लई खडा हाय. दोन्हीकडं दरी. तीन-चार ठिकाणी हात लावून चढायला लागतंय. तुमास्नी सवय न्हाय.”

“तुमच्या ग्रुपमधली शंभर किलोची माणसं चढतात. मीही चढेन.”

यावर तो हसला नाही. म्हणाला, “पाणी... तुम्ही घरचंच घेणार असाल न्हवं?”

“हो.”

“मग पाच लिटर घ्या. पाचच्या खाली न्हाय. मी उचलतो की.”

“माझं ओझं उचलायला मला येतं.”

एका माणसाचा जीव घेतल्यावर याला लिटर मोजायची अक्कल आली. त्याच्या आवाजात भीती होती. असायलाच हवी.

३० मार्च, रविवार

पाडवा. अक्काताई गडमुडशिंगीहून आल्या. ह्यांच्या थोरल्या बहीण. दोघी कुंभोजला बाहुबलीच्या डोंगरावर गेलो. मी सवय व्हावी म्हणून सॅकमध्ये तीन लिटर पाणी घेऊन पायऱ्या चढले.

“सॅक घालून देवाला आलीस व्हय गं?” अक्काताई म्हणाल्या. “भगवान म्हणतील, पोस्टमन आला.”

अर्ध्या वाटेवर त्यांचे गुडघे दुखायला लागले. कठड्यावर बसलो. मी माझ्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं. पाणी पिऊन बाटलीकडेच बघत राहिल्या.

“अनेकांतनं नियम घेतला तवा मी हुते तिथं. म्हाराजांच्या म्होरं तो म्हणाला, आजारपण आणि डोंगर, एवढी सूट ठेवतो. म्हाराजबी हो म्हणाले. मग तू म्हणालीस.”

“काय म्हणाले मी?”

“सूट ठेवून नियम घेणं म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच ठेवणं. सगळी हसली की. तोबी हसला. म्हणाला, ऱ्हाऊ दे, सूट नको.”

मला आठवतं. वाक्य बरं जमलं होतं म्हणूनच आठवतं. आणि खोटंही नव्हतं. लोक नियम घेतात ते फोटोसाठी. चार दिवसांत त्यातून वाट काढतात. ह्यांनी काढली नाही.

तसं मी अक्काताईंना म्हटलं. त्यांनी माझा हात धरला आणि सोडेनात. “धारंवर जाऊ नगंस पोरी.”

विजयसिंहने त्यांनाही फोन केलेला दिसतो. मी वर न जाण्यात या सगळ्यांना एवढा रस का, हे सॅकच्या तळाशी काय आहे ते पाहिल्यावर कुणालाही कळेल.

५ एप्रिल, शनिवार

सूर्यास्ताआधी जेवले. पाणी पहाटे उकळायचं. दीड-दीड लिटरच्या दोन बाटल्या, ह्यांच्याच. तीन लिटर पुरे. पाच घेणार नाही, त्याने सांगितलं म्हणून तर नाहीच. ती प्लॅस्टिकची बाटली टॉवेलात गुंडाळून तळाशी ठेवली.

वर काय बोलायचं ते कागदावर लिहिलं आणि फाडलं. भाषण करायचं नाही. बाटली ठेवायची आणि विचारायचं, हे काय आहे?

७ एप्रिल, सोमवार

काल लिहायची ताकद नव्हती. आज रजा टाकली. क्रमाने लिहिते.

अंधारात निघालो, उजाडताना पायथ्याच्या वाडीत पोचलो. दोन जीप, चौदा माणसं. मी सोडून सगळ्यांच्या छातीवर ह्यांचा चेहरा. मोठ्या पोटांवर तो चेहरा ताणून हसरा दिसत होता.

वाडीत शालूबाई म्हणून एक बाई चहा करून देते. पत्र्याचं घर, भिंतीवर बुद्धांचा फोटो, दारात रांजण आणि त्यावर तांब्या. मी माझ्यासाठी चहा नको म्हटलं. विजयसिंहने माझी ओळख करून दिली तशी बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“म्हंजी गेल्या साली वर गेले, त्यांच्या मालकीण का?”

“हो.”

“चढायच्या आदी मी तांब्या दिलता त्यास्नी. समद्यांनी घेतला. त्यांनी हात जोडलं, पन पानी घेतलं न्हाई.” कपबश्या गोळा करता करता ती म्हणाली. “आमच्या हातचं चालत नसंल कुनाकुनाला.”

“ते तसले नव्हते.”

“नसतील बया. घेतलं न्हाई, एवढं खरं.”

मला राग आला. तोंडाला येईल ते बोलतात लोक. मग ध्यानात आलं की मीही आत्ताच तिचा चहा नको म्हटला होता.

चढायला लागलो. तव्याची धार म्हणतात ते बरोबर आहे. काळा कातळ, वाळून गेलेलं गवत, मधे मधे निवडुंग. पायाखाली बारीक दगडांचा घसारा, पाऊल ठेवलं की सरकतं. वाट कुठे कुठे दीड हात रुंद. डावीकडे खोल आणि उजवीकडेही खोल. सात वाजता ऊन अंगावर आलं आणि मग कुठे सोडलंच नाही. दगडाला हात लावला की चटका बसत होता. या वाळवंटात माणसं हौसेने येतात. पुढचे लोक घोषणा देत होते, थांबून थांबून फोटो काढत होते. दरीच्या कडेला उलटं उभं राहून दात दाखवायचे.

विजयसिंह सबंध वाट माझ्या मागे होता. “डावा पाय. आता उजवा. तो दगड हलतोय, तिथं नको.” गुरासारखं हाकत होता. माझा पाय मात्र एकदाही चुकला नाही, हे लिहायला हवं.

तिसऱ्या कातळटप्प्यावर हाताने अंग ओढून वर चढताना सॅकच्या बाजूच्या कप्प्यातली बाटली निसटली. दगडावर आपटली, मग खाली, मग आणखी खाली. स्टीलचा आवाज बराच वेळ येत होता. मग यायचा थांबला.

मी वळून पाहिलं तर विजयसिंह पांढरा पडला होता. बाटली माझी गेली आणि घाम त्याला फुटला.

“वहिनी, फिरूया मागं.”

“का? दीड लिटर आहे अजून.”

साडेनऊला वर पोचलो. बॅनर धरून फोटो. विजयसिंह फोटोत नव्हता, एकटाच दुसरीकडे तोंड करून बसला होता. ह्यांना जे दिसायचं ते मी बघायचा प्रयत्न केला. उजाड माळ, दूरवर एक कोरडं तळं. डोकं हलकं वगैरे काही झालं नाही.

उतरताना साडेअकराला त्या दगडापाशी आलो. धारेच्या मध्यावर, खाटेएवढा सपाट दगड आहे. तोवर माझी दुसरी बाटलीही संपली होती. दहा वाजल्यापासूनच मी घोट घोट जपून घेत होते. जीभ टाळ्याला चिकटत होती. सगळे गोलात बसले. रूपालीने झेंडूची फुलं ठेवली. ती बँकेत आहे, गेल्या वर्षीच्या ट्रेकलाही होती. दोन मिनिटं सगळे गप्प.

आता, असं मी मनात म्हटलं. सॅक पुढे घेतली, तळाशी हात घातला, टॉवेल हाताला लागला. आणि एकदम डोळ्यांपुढे अंधारी आली.

रूपालीने मला धरलं आणि स्वतःची बाटली पुढे केली. “काकू, पाणी प्या.”

“नको. मी घरचंच पिते.”

“पण तुमचं संपलंय ना?”

“संपलंय. उतरेपर्यंत चालेल.”

सगळ्यांनी विजयसिंहकडे पाहिलं. रूपाली रडायलाच लागली.

“हेच म्हणाले होते काका! ह्याच दगडावर बसून. उतरेपर्यंत चालेल म्हणाले होते!”

“रूपाली, गप!” विजयसिंह ओरडला.

“नाही गप बसणार, विजूदादा! वर्षभर बसले. काकू, पाणी संपलं नव्हतं. माझ्याकडं दोन बाटल्या होत्या. विजूदादांकडं तीन होत्या. सगळ्यांकडं होतं. फक्त काकांचं घरचं संपलं होतं.”

मला ते लगेच कळलं नाही. मी विजयसिंहकडे पाहिलं. त्याने खाली बसून दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. दगडाशी बोलावं तसा बोलत होता.

“डोक्यावर वतू दिलं त्यानं. मानेवर वतू दिलं. तोंडापाशी नेलं की ओठ मिटायचा. म्हटलं, अरे लेका, देव काय हितं बघत बसलाय व्हय? तर हसला. म्हणाला, देवाचं काय न्हाय रे, दीपाला शब्द दिलाय. मागं एकदा भेळ खाऊन खोटं बोललोय, आता न्हाय. मग मी एक सीलबंद बाटली त्याच्या सॅकमधी कोंबली. म्हटलं, आम्ही सगळी पाठ करून बसतो. कोण बघत न्हाय, कोण सांगत न्हाय. तू आणि ती बाटली. बसलो आम्ही पाठ करून. पाच मिन्टं असतील. दहा असतील. वळून बघितलं तर...”

माझा हात टॉवेलावर होता. टॉवेलाच्या आत बाटली होती. मी हात बाहेर काढला आणि चेन लावली.

“मला का नाही सांगितलं?”

“काय सांगायचं हुतं, वहिनी?”

मग तो उठला. रूपालीच्या हातातली बाटली घेतली, टोपण काढलं आणि माझ्यासमोर उभा राहिला. “ह्या वेळी मी पाठ करणार न्हाय. तुम्ही प्यायल्याशिवाय हितनं कोण हलणार न्हाय. मी तर न्हायच न्हाय.”

प्यायले. चार घोट, मग आणखी चार. नळाचं पाणी, प्लॅस्टिकचा वास, क्लोरिन जवळजवळ नाही. नमुना म्हणून टेबलावर आलं असतं तर पुन्हा तपासायला मागवलं असतं.

उतरायला दीड तास लागला. कुणी घोषणा दिली नाही. विजयसिंह मागून “डावा पाय, उजवा पाय” म्हणत होता. एवढंच.

खाली शालूबाई दारात बसली होती. मीच म्हटलं, “पाणी द्या.”

“बाटलीचं आनू? हाय एक.”

“रांजणातलं द्या.”

तिने तांब्या भरून दिला. मी सगळा प्यायले. मग सांगितलं, “त्यांचा नियम होता. घराबाहेर घरचंच पाणी. कुणाच्याच हातचं घेत नव्हते. ह्या लोकांच्याही नाही.”

“असं व्हय?” ती माझ्याकडे बघत राहिली. “वरीसभर मनात धरून बसले की मी. आनि आसला कसला ह्यो नियम, जिवापरीस मोठा? घातला कुनी त्यांस्नी?”

“मी.”

जीपपाशी सगळे उभे होते, त्यांनीही ऐकलं. शालूबाईने माझ्या हातातून तांब्या घेतला आणि पुन्हा भरला.

९ एप्रिल, बुधवार

कामावर गेले. हातकणंगल्याचे अकरा नमुने. तीन अयोग्य.

विजयसिंहचा मेसेज होता, ‘वहिनी बऱ्या हाय का’. पुढे हात जोडल्याची तीन चित्रं. ‘बरी’ असं कळवलं.

वर्षभर या माणसाने माझा तिरस्कार अंगावर घेतला आणि टायर बदलत राहिला. लोकांना हा मोठेपणा वाटेल. मला चीड येते. मी कुणाची दया मागितली नव्हती. आणि दया करायचीच होती तर त्या दगडावर करायची. अकरा जण हाताशी होते, एकाने नाक दाबायचं, एकाने तोंडात ओतायचं. मोडला असता नियम. पाठ करून बसले म्हणे, नव्या नवरीची खोली असल्यासारखे. मी तिथे असते तर ओतलं असतं.

असते तर ओतलं असतं का, हे मला नक्की सांगता येत नाही. काल दिवसभर ठरवायचा प्रयत्न केला.

आणि हे. भेळ खाऊन शाळेत मीटिंग होती म्हणून सांगणारा माणूस. एकदा खोटं बोलता आलं, दुसऱ्यांदा आलं नाही? सगळे पाठ फिरवून बसले होते. बाटली हातापाशी होती. प्यायचं, खाली यायचं, घरी येऊन ‘तुझंच पाणी पुरलं गं’ म्हणायचं. मला काय कळणार होतं? कळलं असतं तरी आठ दिवस बोलले नसते. आठच दिवस.

अक्काताईंचा दोनदा फोन येऊन गेला. उचलला नाही. त्यांना सगळं आधीपासून माहीत असणार. माझा स्वतःचा नियमही मोडला आहे. प्रायश्चित्त काय ते महाराजांना विचारायला हवं. उद्या महावीर जयंती, सुट्टी आहे. विचारेन किंवा नाही.

साडेपाचला घरी आले. हातपाय धुतले. टॉवेल सोडून ती बाटली ओट्यावर ठेवली. प्रयोगशाळेत न्यावी, तपासावी, असं दोन दिवस डोक्यात होतं. नेली नाही. मुदत संपून सहा महिने होऊन गेलेत, ते तपासायला नको.

टोपण फिरवलं. घट्ट बसलं होतं, फडक्याने धरून फिरवावं लागलं. कडं तुटलं. गाळलं नाही, उकळलं नाही, पेलाही घेतला नाही. उभ्यानेच बाटलीने प्यायले. पूर्ण लिटर प्यायला वेळ लागतो. मधे दोनदा थांबले. सूर्य मावळायला अजून वेळ होता, ऊन ओट्यापर्यंत आलं होतं.

बाटली विसळली आणि जाळीत पालथी घातली.